गरम टायरमधली हवा

टायर ही फोनवरून मागवायची वस्तू आहे, असं माझ्या सुनेचं मत आहे. "बाबा, साइज टाकायचा, ते व्हॅन घेऊन येतात, खाली पार्किंगमध्ये बसवून जातात. तुम्ही हुफूफला कशाला जाताय?" सौदीतल्या अल-खोबरमध्ये खरंच तसं होतं. मुलाच्या गाडीचे टायर मागच्याच महिन्यात असे आले, आणि ते बसेपर्यंत हा वर घरात लॅपटॉपपुढे मीटिंग करत होता. मी मात्र चार टायर निवडायला शेजारच्या दम्मामहून रेल्वेनं हुफूफला गेलो आणि तेवीस वर्षं न बोललेलं बोलून आलो.

ते लिहून ठेवायचं कारण आहे. हुफूफच्या वर्कशॉपमध्ये माझ्याबरोबर काम केलेली माणसं आता चिपळूण, खेड, सांगली, नाशिक अशी पांगली आहेत. ती भेटली की आमच्या उस्ताद मेकॅनिकची गोष्ट अजून हसत हसत सांगतात. ती गोष्ट चुकीची आहे, आणि ती चुकीची राहू दिली ती मी.

आम्ही नवराबायको हिवाळ्यात मुलाकडे येतो. या वेळी आठवडा झाला नाही तोच माझ्या जुन्या कफीलचा फोन आला. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपण या देशात राहतो तो माणूस. त्याची सही नसेल तर इकामा म्हणजे राहण्याचा परवाना नाही, सुट्टी नाही, बायकोमुलांचा व्हिसा नाही. माझा कफील हुफूफचा. खजुराच्या बागांना पंप बसवून द्यायचा त्याचा धंदा, आणि त्यात मी अठरा वर्षं होतो. तो आता ऐंशीला टेकलाय, पण आवाज अजून असा, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा.

"या मुहंदिस!" इंजिनियरला अरबीत मुहंदिस म्हणतात, आणि दुसऱ्या कुठल्या नावानं त्यानं मला कधी हाक मारली नाही. "खोबरला येतोस आणि मला कळवत नाहीस? तोंड दाखवायला लाज वाटते का?"

लाज वाटतच होती. पण तो थट्टेनं म्हणाला होता, म्हणून मीही हसलो.

"बापाची गाडी पुन्हा सुरू केली," तो म्हणाला. "आता टायर हवेत. तू येऊन निवड."

आमचं बोलणं अरबी, हिंदी आणि हातवारे यांच्या खिचडीत चालायचं. इथं ते मी सरळ मराठीत लिहितो आहे.

ती गाडी म्हणजे त्याच्या वडिलांनी चाळीसेक वर्षांपूर्वी नवी घेतलेली जपानी फोर-व्हील पिकअप. बदामी रंग, अंगावर तपकिरी पट्टे, पुढे तिघांना बसता येईल असा एकच बाक, मागे उघडा हौदा. वडील गेले आणि पुढे काही वर्षांनी ती शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. आता त्याला ती काश्त्याला न्यायची होती. हिवाळ्यात इथली माणसं वाळवंटात तंबू ठोकून दोन दोन दिवस राहतात, शेकोटीवर जेवण करतात, त्याला काश्ता म्हणतात. त्याचं सगळं खानदान जमणार होतं, आणि बापाची गाडी टेकाडावरून उतरताना सगळ्यांनी बघावी, एवढीच म्हाताऱ्याची हौस होती.

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"माझे गुडघे गेले. क्लच दाबवत नाही. रियाधहून पुतण्या येईल."

"उस्ताद आहे की."

"उस्ताद सोनं आहे," कफील म्हणाला. "त्याच्यासारखा माणूस मला पुन्हा मिळणार नाही. पण त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं नाही. तो हवा विसरतो."

संध्याकाळी उस्तादचाच फोन आला. उस्ताद हा दापोलीकडचा मेकॅनिक, माझ्याहून चार वर्षांनी लहान. वर्कशॉपमध्ये त्याला सगळे उस्तादच म्हणायचे, मीसुद्धा; आणि कफीलला तो शेख म्हणायचा. "साहेब, पुढच्या महिन्यात मी चाललो. कायमचा. कागद झाले," तो म्हणाला. "त्या गाडीचं इंजिन मी खोललं, मीच बांधलं. सहा महिने संध्याकाळी बसून. आता एकच मागणं. एकदा वाळूवर मला चालवू द्या म्हणावं शेखला. मी बोललो तर हसण्यावारी नेतात. तुमच्या शब्दाला वजन आहे त्यांच्याकडे."

"बघतो," मी म्हणालो.

बायको समोर मटार सोलत होती. "काय बघता?" तिनं विचारलं. "टायर," मी म्हणालो. तिलाही मी ही गोष्ट कधी सांगितलेली नव्हती.

तर ती गोष्ट अशी.

तेवीस वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात आम्ही दोघं याच पिकअपनं वाळूपलीकडच्या एका बागेतून बिघडलेला पंप आणायला गेलो होतो. वाळूत शिरायच्या आधी टायरमधली हवा कमी करावी लागते. मग टायर खाली पसरतो आणि रुतत नाही. डांबरी रस्त्यावर परत आलं की ती पुन्हा भरायची. उस्ताद हे इतकं सहज करायचा, की आपण बघतो आहोत हे लक्षातही येऊ नये. वाळूवर तो गाडी अशी न्यायचा, की मांडीवरचा चहाचा ग्लास हिंदकळायचा नाही. त्या दिवशीही त्यानं परत आल्यावर चारी टायर भरले आणि त्याच्या काच फुटलेल्या मापानं बघितले. मागचे दोन पंचेचाळीस पौंड, कारण हौद्यात पंप होता. वाटेत पेट्रोलपंपावर थांबलो तेव्हा असरची अजान झाली. उस्ताद तिथल्याच मशिदीत नमाजाला गेला.

मी खोबरहून नुकतंच हवेचं नवं कोरं माप घेतलं होतं. चामड्याच्या पिशवीतलं. रिकामा वेळ, हातात नवं हत्यार आणि इंजिनियरची पदवी, एवढं पुरेसं होतं. मी मागचा टायर मोजला. छप्पन्न! गाडीच्या पुस्तकात तर पंचेचाळीस लिहिलेले. मला वाटलं, उस्तादच्या फुटक्या मापानं घोटाळा केला. मी शांतपणे अकरा पौंड सोडले, दुसऱ्या बाजूचे सोडले, पुढचेही सोडले, आणि माप पुसून पिशवीत ठेवलं. उस्तादला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं, साहेब माझ्या कामात चुका काढतात. इतकं चांगलं मन होतं माझं.

बंद भांड्यातली हवा तापली की तिचा दाब वाढतो, हे मी अकरावीत शिकलो होतो. जूनमधल्या डांबरावर तासभर पळालेला टायर दहा-अकरा पौंड जास्त दाखवणारच. ती हवा सोडली, की टायर खरा अर्धपोटी होतो, जास्त वाकतो, जास्त तापतो. पाऊण तासानं मागचा उजवा टायर फुटला. गाडी रस्ता सोडून वाळूच्या ढिगात घुसली, पंप उडून पडला. मला कपाळावर चार टाके पडले, उस्तादच्या डाव्या मनगटाला प्लास्टर. गाडीचा उजवा दरवाजा आत गेला.

कफील आला तो आधी आमच्याकडे बघून "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाला, मग दरवाज्याकडे बघून रडला. त्याला एकच वाटलं, उस्ताद वाळूतून आल्यावर हवा भरायची विसरला. हो, मलाही. मी "थोडी" हवा सोडली त्यानं टायर फुटेल, असं माझ्या डोक्यातच येईना. उस्ताद पहिल्या दिवशी म्हणाला, "मी भरली होती, शेख." आठवड्यानं म्हणाला, "मला वाटतं मी भरली होती." महिन्याभरानं प्लास्टर निघालं तेव्हा म्हणाला, "विसरलोच असणार." कफीलनं त्याला नोकरीवरून काढलं नाही. फक्त किल्ली काढून घेतली. त्या दिवसापासून आमच्याकडचा सगळ्यात चांगला ड्रायव्हर वर्कशॉपच्या आत राहिला.

दोन महिन्यांनी मी वायपरच्या फ्यूजची जागा शोधायला तेच पुस्तक उघडलं. पंचेचाळीसच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत ओळ होती, टायर थंड असताना मोजावे. मी ती ओळ तीन वेळा वाचली, आणि मला सगळं कळलं.

त्याच आठवड्यात माझ्या बायकोमुलाच्या व्हिसाचे कागद कफीलच्या टेबलावर होते. मुलगा सात वर्षांचा होता. मी ठरवलं, सही होऊ दे, मग सांगू. सही झाली. मग ठरवलं, ते दोघं येऊ देत. ते आले. मग मुलाची शाळा सुरू झाली. पुढे ठरवायचंही मी सोडून दिलं.

उस्तादला मात्र एक सवय लागली. कुठलीही गाडी असो, तो तिच्याभोवती फिरून चारी टायरना बुटानं ठोकायचा. तीन वेळा. पोरं त्याला उस्तादची प्रदक्षिणा म्हणायची. मीही म्हणायचो.

हुफूफच्या स्टेशनवर तो टॅक्सी घेऊन मला न्यायला आला होता. मी बसायच्या आधी त्याची प्रदक्षिणा सुरू झाली. टॅक्सीवाला पेशावरचा. तो खिडकीतून ओरडला, "चाचा, टायर नये हैं! बैठो!"

"नये ही फटते हैं," उस्ताद म्हणाला आणि तिसरी फेरी पूर्ण करूनच बसला. मग माझ्याकडे वळला. "साहेब, बारीक झालात. वहिनी जेवायला देत नाहीत काय ओ?"

"डॉक्टर देत नाही."

"डॉक्टर बदला."

टायरचं दुकान सनाइयात होतं. गॅरेज, पत्र्याची शेड, लोखंडाची दुकानं यांची ही वस्ती. आमचं वर्कशॉप तिथून दोन गल्ल्या पलीकडे. उस्तादनं गाडी ठोकळ्यांवर चढवून चारी रिंग आधीच दुकानात पोचवल्या होत्या. घासून, रंगवून, पांढऱ्या शुभ्र. दुकानदार केरळचा होता, उस्तादचा जुना दोस्त; उस्ताद त्याला चेट्टा, म्हणजे मल्याळीत दादा, म्हणायचा.

"आओ साब, आओ. आपके लिए तीन दिन से टायर निकालके रखा है. उस्ताद रोज आके लात मारता है, खरीदता नहीं."

त्यानं चार प्रकार मांडले होते. पहिला रुंद, आजकालच्या गाड्यांचा, बाजूवर मोठी पांढरी अक्षरं. रियाधच्या पुतण्यानं फोनवरून सुचवलेला. त्यासाठी रिंगाही नव्या घ्याव्या लागल्या असत्या, आणि म्हाताऱ्याची एकच अट होती की टायर बापाच्या वेळी दिसायचे तसे दिसले पाहिजेत. तो बाद झाला. दुसरा अगदी बापाच्या वेळचा, उंच, अरुंद, आत ट्यूब. मी त्याच्या प्रेमात पडलो होतो, तेवढ्यात उस्तादनं त्याच्या बाजूवर अंगठा फिरवला आणि चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

"चेट्टा, ये कब का है? मेरी लडकी की शादी के पहले का है ये."

"अंदर रखा था उस्ताद. धूप नहीं लगा."

"लडकी को तीन बच्चे हो गए."

दुकानदारानं हसत तो टायर उचलून मागे नेला. पण मला त्या हसण्यात फार सामील होता आलं नाही. उरले होते दोन, दोन्ही उंच आणि अरुंद, दोन्ही ताजे, लांबून बघितले तर जुळे भाऊ. फरक आत होता. एक सहा पदरांचा, हाताला लवचिक, या गाडीच्या वजनाचा. दुसरा दहा पदरांचा, छोट्या ट्रकला घालतात तो. मी सहा पदरांच्या टायरवर हात ठेवून म्हणालो, "हाच ना?"

"नाय," उस्ताद म्हणाला. "तो दहावाला."

"अहो, तो ट्रकचा आहे."

"असू दे. तो फुटणार नाय."

"फुटणार नाही, पण पसरणारही नाही. पंधरा पौंडांवर आणला तरी ओंडक्यासारखा उभा राहील. गाडी रुतेल."

"रुतली तर रुतली, साहेब. रुतलेली गाडी काढता येते."

हे त्यानं इतक्या साधेपणानं म्हटलं, की दुकानदारानंही मान डोलावली. मी त्याच्याकडे बघत राहिलो. ज्या माणसानं मला वाळू म्हणजे काय ते शिकवलं, नुसत्या रंगावरून कुठली वाळू धरेल आणि कुठली सोडेल हे सांगितलं, तो वाळूवर जाणाऱ्या गाडीला दगडासारखे टायर घालायला निघाला होता. त्याला टायरचं ज्ञान माझ्या दसपट होतं. फक्त ते ज्ञान आता भीतीच्या मागे उभं राहून बोलत होतं. आणि ती भीती मी दिलेली होती.

रिंगचा साइज लिहिलेला कागद शोधायला त्यानं पाकीट उघडलं. कागदाच्या मागे लायसन्स दिसलं. सौदी, नवं, फोटोतल्या दाढीत पांढरे केस.

"हे अजून काढता?"

"संपलं की नवीन करतो. असू दे म्हटलं," तो म्हणाला आणि पाकीट मिटलं.

"उस्ताद," मी म्हणालो, "तुम्ही हवा भरली होती."

"कधी?"

"तेव्हा. टायर फुटला तेव्हा. तुम्ही बरोबर भरली होती. मी सोडली."

 मी सगळं सांगितलं. पेट्रोलपंप, नवं माप, छप्पन्न, पुस्तकातली बारीक ओळ, व्हिसाचे कागद. बोलताना मी त्याच्याकडे न बघता त्या पांढऱ्या रिंगांकडे बघत होतो. संपलं तेव्हा त्यानं विचारलं, "चारींतनं?"

"चारींतून. मागच्या दोनमधून अकरा अकरा."

"आणि पुढच्या?"

"सात, आठ."

तो मनातल्या मनात काहीतरी जुळवत होता. ओठ हलत होते. "मग फुटणारच," तो शेवटी म्हणाला. "त्या वजनाला फुटणारच. माझं भरायचं बरोबर होतं." मग त्यानं विचारलं, "मी वजूला हातपाय धूत होतो तेव्हा, की आत नमाजात होतो तेव्हा?"

"नमाजात."

"म्हणजे मी तिथं दुवा मागत होतो, साहेबांना सुखरूप घरी पोचव, आणि साहेब बाहेर बसून हवा सोडत होते."

तो उठून बाहेर गेला. काचेतून मला तो उन्हात उभा दिसत होता, पाठमोरा, कमरेवर हात. मला वाटलं, तो आता वर्कशॉपला निघून जाईल. दुकानदाराला आमच्या मराठीतलं काही कळलं नव्हतं. तो टायरला हात टेकून माझ्याकडे बघत होता.

"साब, झगडा हुआ? टायर लेना है कि नहीं लेना?"

"रुको," मी म्हणालो.

पाच मिनिटांनी उस्ताद परत आला. डोळे लाल होते, पण चाल एकदम कामाची. तो दहा पदरांच्या टायरजवळ थांबलाही नाही. सहा पदरांच्या टायरांपैकी एक खाली पाडला, बाजूवर गुडघा रोवून दाबला, उलटा करून दाबला, आकडे वाचले, नाकाशी नेऊन वास घेतला. मग दुसरा, तिसरा. चौथा त्यानं परत केला, कारण त्याच्या आकड्यांत बाकीच्यांपेक्षा वर्षाचा फरक होता. बुटानं एकालाही ठोकलं नाही.

"चेट्टा, ये तीन, और इसके साथ का चौथा निकाल. ट्यूब नया. आणि साहेब..."

"बोला."

"आज शेखला सांगायचं. माझ्या समोर. आणि अरबीत. हिंदीत सांगितलंत तर म्हणतील, भाषेचा घोळ झाला."

"माझी अरबी तुम्हाला माहीत आहे."

"म्हणून तर. टायर बसेपर्यंत वेळ आहे. बसा, पाठ करा."

तासभर त्या दुकानात, टायर चढवायच्या मशीनच्या आवाजात, त्यानं माझ्याकडून माझाच गुन्हा घोकून घेतला. हवा मी सोडली. याला ठाऊक नव्हतं. मला नंतर कळलं. मी गप्प राहिलो. शेवटचं वाक्य मी दर वेळी पुटपुटायचो आणि तो म्हणायचा, "मोठ्यानं. शेखला कमी ऐकू येतं." दुकानदारानं आम्हाला चहा दिला. उस्तादनं माझ्या चहात साखर घातली आणि मला डायबेटिस आहे हे आठवल्यावर तो कप स्वतः पिऊन टाकला. दुसरा मागवला नाही.

कफील वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसला होता. टायर लागलेली गाडी ठोकळ्यांवरून खाली उतरली तेव्हा तो काठी टेकत उठला, तिच्या उजव्या दरवाज्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "माशाल्लाह. अशीच होती. अगदी अशीच होती." त्यानं स्वतःच्या हातानं अरबी कॉफीचा कहवा ओतला. मी पेला खाली ठेवला आणि पाठ केलेलं म्हणायला लागलो. दुसऱ्याच वाक्यात अडखळलो. उस्ताद बाजूनं हळूच शब्द पुरवत होता, म्हणजे माझ्या कबुलीजबाबाला माझा बळीच मदत करत होता. कफीलला आधी वाटलं, मी टायरबद्दल काही बोलतो आहे. मग त्याचा चेहरा बदलला.

सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं. "तुझ्या बायकोमुलाच्या व्हिसावर मी सही केली त्याच्या आधी कळलं की नंतर?"

"आधी."

"तुला वाटलं, मी सही करणार नाही."

"हो."

"नसतीच केली," तो म्हणाला. तो खोटं बोलणाऱ्यांतला नाही.

मग तो पुन्हा उठला. उस्ताद आधार द्यायला पुढे झाला, तसं त्यानं त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. आपल्या हातून मोठी चूक झाली असेल, तर इथं माणूस समोरच्याच्या कपाळाचं चुंबन घेतो. मुलगा बापाचं घेतो, धाकटा थोरल्याचं घेतो. मालकानं मेकॅनिकचं घेतलेलं मी त्या देशात राहून कधी पाहिलं नव्हतं. उस्ताद लाजून म्हणत राहिला, "शेख, शेख, नको..." कफीलनं त्याला सोडलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आणि तू?"

आम्ही नाशिकची माणसं. बापालाही कधी मिठी मारली नाही, वाकून नमस्कार केला आणि झालं. मी पुढे झालो, पण उस्ताद माझ्याहून चांगला वीतभर उंच. मी टाचा उचलल्या, त्याच्या टोपीला माझा चष्मा अडकला, टोपी खाली पडली. तो वाकला तो टोपी उचलायला की माझ्यासाठी, ते मला कळलं नाही. माझे ओठ त्याच्या भुवईवर टेकले. ग्रीस आणि अत्तर असा वास आला. "झालं?" तो म्हणाला. "झालं," मी म्हणालो. कोपऱ्यातला वेल्डर तोंड वळवून हसत होता.

कफीलनं खिशातून किल्ली काढली आणि उस्तादपुढे धरली. मग फोन लावून पुतण्याला मोठमोठ्यानं सांगितलं, रियाधहून नुसता जेवायला ये, गाडी चालवायला माणूस आहे.

आम्ही तिघं निघालो. मी मधे, गिअरचा दांडा गुडघ्यांत घेऊन. फाटकाबाहेर पडता पडता उस्तादनं गाडी दोनदा बंद पाडली. कफीलनं कपाळाला हात लावला. हुफूफच्या बाहेर बागा संपतात तिथं वाळू सुरू होते. तिथं उतरून उस्तादनं हवा सोडली, अठरावर आणली, आणि कडेला दिसणाऱ्या एका मोठ्या टेकाडाकडे बोट दाखवलं. "ते."

पहिल्या प्रयत्नात आम्ही निम्म्यात रुतलो. दुसऱ्यात त्याच्याही खाली. मी आणि तो उतरून फावड्यानं चाकांपुढची वाळू काढायचो, कफील आतून सूचना द्यायचा. तिसऱ्या वेळी रुतलो तेव्हा उस्ताद स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसता बसून राहिला.

"हात गेला, साहेब," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. "आधी वाळू कमरेला कळायची. आता कळत नाय."

 जे गेलं ते टायर बदलून परत येणारं नव्हतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यानं मला थांबवलं. "राहू दे. तुम्ही उतरा आणि खणा. मागची दोन्ही चाकं तुमची."

मी खणलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, शुगर, बीपी, सगळं घेऊन खणलं. कफील खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मुहंदिस, आणखी खोल!" त्याला त्या दुपारी माझी कीव आलेली दिसली नाही. उस्तादनं एकदा उतरून प्रत्येक टायरमधली आणखी थोडी हवा सोडली, मुठीनं रबर दाबून बघितलं आणि मोजलं नाही. मग तो आत बसला, गाडी सरळ मागे घेतली, खूप मागे, सपाट जागेपर्यंत, आणि एका दमात निघाला. टायर खाली रुंद पसरले होते. इंजिनचा आवाज एकदाही चढला-उतरला नाही. गाडी माझ्या बाजूनं गेली तेव्हा मला आत कफीलचं तोंड दिसलं, लहान मुलासारखं उघडं. उस्ताद पुढे बघत होता. टेकाडाच्या माथ्यावर गाडी क्षणभर थांबली आणि त्यानं लांबलचक हॉर्न दिला.

मला वाटलं, आता तो मला घ्यायला खाली येईल. मी फावडं हातात धरून दोन-तीन मिनिटं वाट बघितली. वर दोघं उतरून बाहेर उभे होते, आणि उस्ताद माझ्याकडे बघून हातानं खूण करत होता, चढा, चढा. मग मी चालत वर गेलो. दर चार पावलांना एक पाऊल मागे घसरत होतो, आणि वरून दोघंही मोठ्यानं हसत होते.